गच्चीवरचा अद्भुत स्वर्ग

१९६७ साली कॅनडातील माँट्रिअल शहरी, सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रातील बेटांवर जे जागतिक प्रदर्शन भरले होते, त्यात बहुतेक राष्ट्रांनी आपापल्या उद्योगधंद्यांचा, शास्त्रीय प्रगतीचा आणि राष्ट्रीय अभिमानाचा ताळेबंद आपल्या मंडपांतून मांडला होता. फ्रेंच सरकारचा मंडपही त्याला अपवाद नव्हता, परंतु त्या मंडपाच्या गच्चीवर जो प्रकार चालला होता, त्याचा मेळ खाली मांडलेल्या राष्ट्रीय वैभवाशी कसा घालावा, हे कोडे पुष्कळ प्रेक्षकांना पडले असावे. तेथे भडक रंगांनी रंगविलेल्या, धष्टपुष्ट आणि गोल गरगरीत अवयवांच्या स्त्रिया व काही चमत्कारिक प्राणी मोठ्या निश्चिंतपणे उभे होते, आणि त्यांच्या आसपास काळीकुट्ट लोखंडी यंत्रे खडखडत, थरथरत, आपले आरे नि दांडे परजीत त्यांच्या अंगावर धावून जाण्याचा आव आणीत होती. यंत्रे अर्थातच कोठेही जात नव्हती. त्यांचा सारा आवेश जागच्या जागी, चार हातांच्या परिघात खर्ची पडत होता, आणि त्या स्त्रियांना त्याची दादही नव्हती. रंगीत मूर्ती नऊ होत्या, यंत्रे सहा होती, आणि या सबंध समूहाला 'अद्भुत स्वर्ग' असे नाव देण्यात आले होते.

मूर्ती होत्या निकी द सँ फाल हिच्या आणि यंत्रे होती ज्याँ टँग्ली याची. दोघांचे काम कोणते, हे ओळखण्यास पाटी वाचण्याची गरज नव्हती. शाळकरी पोरानेही काळे ते त्याचे आणि रंगीत ते तिचे, अशी वाटणी क्षणात करून दिली असती. दोन कलावंतांनी मिळून प्रदर्शन भरविण्याचे जे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत, त्यांत हा प्रकार सहसा बसत नाही. एक तर दोघे जण दालनाचे भाडे निम्मेनिम्मे वाटून घेतात, उद्घाटनाला एकच पाहुणा बोलावतात, आणि डाव्या भिंतीचा उजव्या भिंतीशी काडीचाही संबंध नसतो. नाही तर दोघे इतके एकजीव झालेले असतात की कोणता हात कोणाचा, हे त्यांनाही सांगता येऊ नये, आणि त्यांची सहीही जोडनावाने व्हावी. गच्चीवरच्या या स्वर्गात हात दोन होते, ते दोन आहेत हे उघड दिसत होते, आणि तरीही एकाचे काम उचलून नेले असते तर दुसऱ्याचे निम्मे मरून गेले असते. हे कसे साधले, याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

टँग्ली हा मूळचा स्वित्झर्लंडचा. १९२५ साली फ्रीबूर येथे त्याचा जन्म झाला आणि तो वाढला बाझल शहरात, ऱ्हाइन नदीकाठी. तारुण्यात त्याने शिक्षण घेतले ते दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजविण्याचे. आणि पुढे त्याने जे जे केले, त्यात रस्त्याने जाणाऱ्या माणसाला मान वळवून पाहावयास लावण्याची ही खिडकीवाल्याची विद्या थोडीफार शिल्लक राहिली, असे मला वाटते. १९५२ साली तो पॅरिसला आला आणि काही वर्षांनी रोंसँ नावाच्या एका बोळात त्याने बिऱ्हाड केले. हा बोळ म्हणजे मोडकळीस आलेल्या कारखानावजा खोल्यांची एक रांग होती. परंतु त्याच बोळात ब्रांकुशी हा वृद्ध महाशिल्पकार आपले संगमरवर आणि पितळ घासून घासून निर्मळ करीत बसलेला असे. दगडाची शांती ज्याने पराकोटीला नेली, त्याच्या शेजारी हा तरुण भंगारवाल्याकडून गंजलेली चाके, पट्टे, कढया आणि तारा गोळा करून आणी व त्यांना गती देण्याच्या खटपटीला लागे.

त्याचे पहिले नावाजलेले यंत्र चित्रे काढणारे होते. १९५९ साली पॅरिसच्या एका छोट्या कलादालनात त्याने अशी यंत्रे मांडली. लोखंडी तिवईसारखा सांगाडा, त्यावर निरनिराळ्या व्यासांची चपटी चाके, चाकांवरून गेलेले रबरी पट्टे, एक लहानशी विजेची मोटार, आणि पुढे आलेला एक बारीक हात. प्रेक्षकाने त्या हाताच्या चिमट्यात आपल्या आवडीच्या रंगाची लेखणी बसवावी, समोरच्या फळीवर कागद अडकवावा आणि यंत्र सुरू करावे; की तो हात आचके देत कागदावर रेघोट्या ओढू लागे. यातली खुबी अशी की, चाकांचे आस मुद्दाम मध्याच्या बाजूला सरकविलेले होते आणि पट्टे मुद्दाम सैल ठेवलेले होते, त्यामुळे ते मधूनमधून घसरत. हाताचा ठेका निराळा आणि कागद धरणाऱ्या फळीचा ठेका निराळा. परिणामी एक चित्र दुसऱ्यासारखे कधीच उमटत नसे. कारखान्यातला कारागीर ज्या दोषासाठी आपल्या हाताखालच्या पोराच्या कानशिलात देईल, तो दोष येथे कलेचे सर्वस्व होऊन बसला होता. त्याच वर्षीच्या पॅरिसमधील द्वैवार्षिक प्रदर्शनात यातल्या एका मोठ्या यंत्राने, तेही पेट्रोलवर चालणाऱ्या, सुमारे चाळीस हजार चित्रे काढली असे सांगतात. भावनेच्या उमाळ्यातून फटकारे मारणाऱ्या त्या वेळच्या अमूर्त चित्रकारांची ही चेष्टाच होती. परंतु चेष्टा करणाराही मनातून त्या फटकाऱ्यांवर लुब्ध होता, असे ती चित्रे पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

पुढच्याच वर्षी, १७ मार्च १९६० रोजी, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या बागेत त्याने स्वतःचा नाश करून घेणारे एक अजस्र यंत्र उभे केले. सायकलींची आणि बाबागाड्यांची चाके, एक पियानो, न्हाणीचे टब, मोटारी, फुगा असा सारा संसार त्यात होता. बिली क्लूवर नावाच्या अभियंत्याने विजेची बाजू सांभाळली होती. यंत्र सुरू झाले, पियानोला आग लागली, काही भाग ठरल्याप्रमाणे कोसळले, काही ठरल्याप्रमाणे कोसळेनात, आणि सुमारे २७ मिनिटांनी अग्निशामक दलाने हस्तक्षेप करून आत्मनाशाचे ते कार्य आटोपते घेतले. नाशाचीसुद्धा सरकारदरबारातून मंजुरी लागते, आणि तीही मुदतीपुरतीच मिळते, हा अनुभव त्याला तेथे आला.

निकी द सँ फाल हिची वाट अगदीच वेगळी होती. १९३० साली पॅरिसजवळ नयी येथे एका खानदानी फ्रेंच कुटुंबात ती जन्मली, परंतु तिचे बालपण मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये गेले. तिचा चेहरा नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकला होता, अठराव्या वर्षी तिने लग्न केले होते, आणि १९५३ साली मनाच्या दुखण्याने तिला रुग्णालयात राहावे लागले, तेव्हा तिने हातात रंग घेतले ते पुन्हा खाली ठेवले नाहीत. शिक्षण असे तिने कोणत्याच कलाशाळेत घेतले नाही. १९५५ साली बार्सेलोना येथे गावदी या वास्तुविशारदाने रचलेली बाग तिने पाहिली. फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढविलेली ती बाकडी आणि खांब पाहून आपणही एके दिवशी अशी बाग उभी करावयाची, हा निश्चय तिने मनाशी केला. तो तडीस जाण्यास पुढे चाळीसहून अधिक वर्षे लागली.

टँग्लीशी तिची ओळख १९५६ च्या सुमारास झाली आणि १९६० पासून ती त्याच बोळात काम करू लागली. आपल्या डोक्यात कल्पना आहेत, पण हाताला तंत्र नाही, अशी तक्रार तिने त्याच्याकडे केली तेव्हा तंत्र काय, शिकता येते, स्वप्न पडणे महत्त्वाचे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याची आठवण तिने पुढे सांगितली आहे. हे उत्तर ज्याच्या तोंडून आले, त्याच्या बोटांत तंत्र किती मुरलेले होते हे लक्षात घेतले, तर त्यातले औदार्य अधिक उमगते. बोळाच्या मागच्या अंगणात १९६१ च्या फेब्रुवारीत तिने आपला पहिला 'गोळीबार' केला. फळीवर पांढऱ्या प्लास्टरचा जाड थर द्यावयाचा, त्यात रंगाच्या पिशव्या पुरून टाकावयाच्या, वर पुन्हा पांढरे प्लास्टर. मग दूर उभे राहून बंदुकीने नेम धरावयाचा. गोळी लागली की पांढऱ्या कातडीतून तांबडा, पिवळा, निळा रंग वाहू लागे. बंदूक विकत घेण्यास पैसे नव्हते, म्हणून जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानवाल्याला त्याच्या बंदुकीसह गाठून आणले होते, अशी या प्रसंगाची कथा आहे. टँग्ली यंत्रांना मारून टाकीत होता, ही चित्रांना मारीत होती. दोघांची गाठ पडली ती अशा विध्वंसाच्या मुक्कामावर.

पण विध्वंसाच्या धंद्यात फार काळ राहता येत नाही. १९६५ च्या सुमारास निकीच्या हातून 'नाना' घडू लागल्या. (मराठी वाचकाने येथे एखाद्या नानासाहेबांची आकृती डोळ्यांपुढे आणू नये, फ्रेंच बोलीत हे नाव पोरीबाळींना लाडाने किंवा थट्टेने लावतात.) चित्रकार लॅरी रिव्हर्स याची पत्नी क्लॅरिस त्या वेळी गरोदर होती, तिच्या भरदार शरीरावरून ही कल्पना निकीला सुचली. लहानसे डोके, प्रचंड नितंब, एका पायावर तोल सांभाळून चाललेले नृत्य, आणि अंगभर फुले, हृदये, पट्टे, चक्रे. पहिल्या मूर्ती तारेची जाळी, कापड, लोकर आणि कागदाचा लगदा यांच्या होत्या. त्या घरात ठीक होत्या, परंतु उघड्यावर, पावसात त्यांचा निभाव लागण्यासारखा नव्हता. म्हणून पांढऱ्या हलक्या थर्मोकोलचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून आकार काढावयाचा आणि त्यावर काचतंतू व पॉलिएस्टर राळ यांचे थर चढवावयाचे, ही पद्धत तिने पत्करली. या राळेच्या आणि तापलेल्या थर्मोकोलच्या विषारी वाफांनी तिची फुप्फुसे कायमची निकामी होत गेली. ज्या मूर्ती पाहताना प्रेक्षकाला आरोग्य आणि आनंद यांखेरीज दुसरे काही आठवत नाही, त्यांची किंमत अशी मोजली गेली आहे.

पॅरिसबाहेर स्वाझी-स्यूर-एकोल या खेड्यात एक जुनी सराई घेऊन दोघांनी तेथे कर्मशाळा थाटल्या, आणि त्यांच्या सहकाराची खरी रीत तेथेच पक्की झाली. बाहेरून दिसणारी काळ्या-रंगीताची वाटणी ही या सहकाराची अर्धीच बाजू आहे. निकीच्या मूर्ती जसजशा माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या होऊ लागल्या, तसतसा त्यांना आतून आधार लागू लागला. एका पायावर नाचणारी तीन-चार मीटर उंचीची स्त्री वाऱ्यात उभी राहावयाची, तर तिच्या पोटात लोखंड असावे लागते, आणि ते लोखंड वाकवून, जोडून देण्याचे काम टँग्लीचे व त्याच्या मदतनिसांचे असे. म्हणजे गच्चीवर जी यंत्रे त्या स्त्रियांवर चाल करून जाताना दिसत, त्यांच्याच जातीचे लोखंड त्या स्त्रियांच्या आत मुकाट्याने भार वाहत उभे होते. प्रेक्षकासमोर भांडण आणि पडद्यामागे पाठिंबा, असा हा तह होता; आणि आपापली नावे राखून एकत्र काम करणाऱ्या दोन हट्टी माणसांना याहून सोयीचा तह सुचला असेल असे वाटत नाही.

या तहाची पहिली मोठी कसोटी स्टॉकहोम येथे, 'स्वर्गा'च्या आदल्या वर्षी लागली. तेथील आधुनिक कलासंग्रहालयाचा संचालक पोंटुस हुल्टेन हा असामी मोठा धाडसी होता. १९६६ साली त्याने या दोघांना आणि पेर ओलोफ उल्टव्हेट या शिल्पकाराला बोलावून घेतले. आधीच्या काही योजना फिसकटल्यावर, संग्रहालयाच्या मोठ्या दालनात मावेल तेवढी प्रचंड नाना आडवी निजवावी आणि तिच्या पोटात प्रेक्षकांनी फिरावे, असे ठरले. सुमारे सहा आठवडे, पडद्याआड, अधिकाऱ्यांच्या कानावर जाऊ न देता काम चालले. लोखंडी सांगाड्यावर तारेची जाळी ताणून, तिच्यावर सरसात बुडविलेले कापड चिकटविण्यात आले. तो सरस शेगडीवर शिजवावा लागे आणि त्याच्या दुर्गंधीने सारे दालन भरून जाई. हाताखाली माणसे कमी पडली तेव्हा संग्रहालयाच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या रिको वेबर या स्विस तरुणाला ओढून आणले. तो पुढे अनेक वर्षे या दोघांचा सहायक म्हणून राहिला.

जून महिन्यात पडदा दूर झाला तेव्हा सुमारे २५ मीटर लांबीची, गुडघे उभे करून उताणी निजलेली गर्भिणी लोकांच्या दृष्टीस पडली. तिच्या आत जाण्याची वाट होती तीच, जिच्यातून मनुष्यमात्र बाहेर येतो. गर्दी आवरण्यासाठी तेथे तांबडा-हिरवा दिवा बसविला होता. आत एका स्तनात दुधाचे दुकान होते, दुसरीकडे सोनेरी मासे पोहत होते, एका छोट्या पडद्यावर ग्रेटा गार्बोचा जुना मूकपट चाले, थोर चित्रकारांच्या नकली चित्रांचे एक दालन होते, आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्या चिरडण्याचे टँग्लीचे एक यंत्र आपले काम निष्ठेने करीत होते. कवची निकीची आणि आतडी टँग्ली-उल्टव्हेटची, अशी ही विभागणी होती. बीभत्सतेची हाकाटी काही झाली, परंतु लोक लोटले ते मुलाबाळांसह. ज्याला उत्तान म्हणावे त्याच्याच पोटात शिरल्यावर माणसे बालवाडीत आल्यासारखी वागू लागली, हे या प्रयोगाचे खरे आश्चर्य. तीन महिन्यांनी, मुदत संपताच, ती मूर्ती तोडून टाकण्यात आली. तेवढे डोके जपून ठेवले आहे.

'अद्भुत स्वर्ग' असा अल्पायुषी ठरला नाही, पण त्याच्या नशिबी वणवण आली. माँट्रिअलचा मेळा उठल्यावर (ज्या मंडपाच्या गच्चीवर तो होता, त्या मंडपात आता जुगारगृह आहे) हा समूह अमेरिकेत बफेलो येथे गेला, तेथून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काही काळ राहिला, आणि शेवटी स्टॉकहोम येथे, ज्या संग्रहालयाने त्या राक्षसी नानेला तीन महिने पोटाशी धरले होते, त्याच्याच बाहेर शेप्सहोल्मेन बेटावर स्थिरावला. गच्चीवरून जमिनीवर उतरल्याने स्वर्गाचे काही बिघडले नाही. उलट गवत आणि झाडे यांच्या सान्निध्यात रंग अधिक खुलले. बिघडले ते हवेने. स्वीडनचा हिवाळा लोखंडालाही सोसत नाही आणि राळेलाही सोसत नाही. रंग विटतात, सांधे गंजतात, मोटारी धरतात.

हालत्या शिल्पाची ही फिर्याद जुनीच आहे. आपल्याकडे गणेशोत्सवातले हलते देखावे करणाऱ्या कारागिराला दहा दिवस यंत्र चालले म्हणजे पुरते. अनंतचतुर्दशीनंतर ते बंद पडले तरी त्याची जबाबदारी कोणावर येत नाही. संग्रहालयाला मात्र यंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाचे असते, आणि टँग्लीची यंत्रे तर मुळात सैल पट्ट्यांची, घसरत्या चाकांची, झिजण्यासाठीच जन्मलेली. बाझल येथे १९९६ साली मारिओ बोट्टा या वास्तुविशारदाने बांधलेले टँग्ली-संग्रहालय उघडले, तेथे यावर तोडगा काढला आहे: यंत्रासमोर जमिनीत बसविलेली कळ पायाने दाबली की ते काही क्षण चालते, आणि मग त्याला ठरावीक काळ विश्रांती असते, त्या अवधीत कळ कितीही दाबली तरी यंत्र ढिम्म हलत नाही. मुले कळीवर नाचत राहतात, वडीलधारी माणसे उगाच घड्याळाकडे पाहतात, आणि कोपऱ्यातले दुसरेच यंत्र एकाएकी खडखडाट करून सर्वांना दचकवते. झिजलेला भाग बदलावा, तर नवा भाग जुन्यासारखा वेडावाकडा चालला पाहिजे, नीट चालून उपयोगाचा नाही. दुरुस्ती करणाऱ्याला एवढी अवघड अट दुसऱ्या कोणत्या कारखान्यात घातली जात असेल?

सार्वजनिक जागी, पाण्यात, उन्हापावसात ही जोडी कायमची मांडण्याचा प्रसंग पॅरिसमध्ये आला. बाझल येथे जुन्या नाट्यगृहाच्या जागी, त्याच नाट्यगृहाच्या रंगमंचावरील यंत्रसामग्रीचे अवशेष वापरून टँग्लीने १९७७ साली एक कारंजे केले होते: पाण्यात उभी राहून पाणी उडविणारी, चाळणारी, शिंपणारी काळी यंत्रे. ते पाहून संगीतकार पिएर बुलेझ याच्या मनात आले की पाँपिदू केंद्राशेजारच्या, इगोर स्त्राविन्स्की या संगीतकाराचे नाव दिलेल्या चौकातही असेच कारंजे हवे. परंतु टँग्लीने निकीलाही या कामात घेण्याचा आग्रह धरला, आणि तो मान्य झाला.

अडचण जागेची होती. चौकाच्या खाली ध्वनी आणि संगीत यांच्या संशोधनासाठी बांधलेल्या बुलेझच्याच संस्थेच्या भूमिगत खोल्या होत्या. त्यांच्या छतावर खोल हौद आणि जड दगड यांचा भार टाकण्याची सोय नव्हती. म्हणून सुमारे ५८० चौरस मीटरांचा हौद अवघा ३५ सेंटिमीटरांच्या आसपास खोल ठेवण्यात आला, मूर्ती हलक्या राळेच्या आणि यंत्रे हलक्या धातूची करण्यात आली, आणि पाण्यात हात घालणाऱ्या पोरांच्या सुरक्षिततेसाठी मोटारी कमी दाबाच्या विजेवर चालविण्याची तजवीज झाली. १९८३ च्या मार्चमध्ये हे कारंजे चालू झाले. एका बाजूला सेंट-मेरी हे जुने चर्च, दुसऱ्या बाजूला पाँपिदू केंद्राच्या रंगीत नळकांड्या, आणि मध्ये स्त्राविन्स्कीच्या संगीतावरून सुचलेल्या सोळा आकृती: सोनेरी मुकुटाचा अग्निपक्षी, सोंडेतून पाणी उडविणारा हत्ती, तांबडे प्रचंड ओठ, जलपरी, साप, बेडूक, कोल्हा, विदूषकाची टोपी, आणि काळा, सावकाश फिरणारा स्वरचिन्हाचा बाक. काही त्याच्या, काही तिच्या, काही दोघांच्या.

गच्चीवरचे युद्ध येथे निवळलेले दिसते. यंत्रे आता कोणावर धावून जात नाहीत. तीही पाणी उडवितात, मूर्तीही पाणी उडवितात, आणि वाऱ्याने ते पाणी उडून दोघांच्याही अंगावर येते. माझ्या मते शिल्प म्हणून 'अद्भुत स्वर्गा'त जो तणाव होता, तो या कारंज्यात उरलेला नाही, आणि सोळा आकृतींपैकी दोन-चार केवळ जागा भरण्यासाठी उभ्या आहेत. पण चौक म्हणून विचार केला तर त्याच्या काठावर पाव खात बसलेल्या माणसांना ही तक्रार पटण्याचा संभव नाही. चाळीस वर्षांच्या वापराने रंग उडाले, यंत्रे अडू लागली, आणि अलीकडे २०२३ साली त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली.

गावदीची बाग पाहून केलेला निश्चय निकीने इटलीत, टस्कनीमधील गाराविकिओ येथे पुरा केला. टॅरो पत्त्यांतील २२ मुख्य पत्त्यांवरून घडविलेल्या त्या महाकाय मूर्तींचे काम १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि बाग लोकांना खुली झाली ती १९९८ साली. खर्चासाठी तिने स्वतःच्या नावाचे अत्तर बाजारात आणले, एका मूर्तीच्या पोटात संसार थाटून ती वर्षानुवर्षे तेथे राहिली. तेथेही मोठ्या मूर्तींचे लोखंडी सांगाडे टँग्ली आणि त्याचा विश्वासू सहायक सेपी इम्होफ यांनी जोडून दिले, भाग्यचक्र तर टँग्लीनेच केले, आणि कोसळत्या मनोऱ्याच्या माथ्यावर वीज म्हणून त्याचे एक यंत्र बसले. दोघांनी १९७१ साली विवाह केला होता. संसार म्हणून तो फार काळ एकत्र टिकला नाही, पण कामाचे खाते कधी बंद झाले नाही.

असाच दुसरा दीर्घोद्योग फ्रान्समध्ये, मिली-ला-फोरे गावालगतच्या रानात १९६९ पासून चालला होता. साडेबावीस मीटर उंचीचे, एकच डोळा असलेले लोखंडी डोके, ज्याच्या कवटीत चढता येते, चाके फिरताना ऐकू येतात. टँग्लीने ते मित्रांना गोळा करून, कोणाकडूनही मागणी आलेली नसताना बांधावयास घेतले. चेहऱ्यावरचा आरशांच्या तुकड्यांचा मुलामा निकीचा, छळछावण्यांत पाठविलेल्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या रेल्वेच्या डब्यातील आकृती एव्हा एपली हिच्या. १९८७ साली ते फ्रेंच सरकारला देऊन टाकण्यात आले. टँग्ली १९९१ च्या ऑगस्टमध्ये बर्न येथे वारला. राहिलेले काम निकीने पुरे करून घेतले, आणि १९९४ साली राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांच्या हस्ते ते खुले झाले. बाझलच्या संग्रहालयासाठी टँग्लीची पन्नासहून अधिक शिल्पे तिने देऊन टाकली.

२०२५ हे टँग्लीच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या वर्षी पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये निकी, टँग्ली आणि हुल्टेन या तिघांचे मिळून प्रदर्शन भरले. जोडप्रदर्शन म्हणून अशा ठिकाणी दोघांच्या कलाकृती शेजारी मांडल्या जातात. पण टँग्लीच्या मृत्यूनंतर निकीने स्वतः जे केले, त्याचा विचार या संदर्भात क्वचित होतो. जिच्या मूर्ती उभ्या हयातीत आपल्या जागी स्थिर राहिल्या आणि हलण्याचे काम जिने खुशाल दुसऱ्यावर सोपविले होते, तिने साठी ओलांडल्यावर मोटारी मागविल्या. या काळात तिने रंगीत उठावचित्रांची एक मालिका केली. त्यांच्या समोर प्रेक्षक येऊन उभा राहिला की प्रकाशकिरण तुटतो, आत दडविलेली मोटार चालू होते, आणि चित्रातले डोके, हात, झाड, घर हे सगळे सुटे होऊन एकमेकांपासून दूर सरकू लागते. थोड्या वेळाने ते पुन्हा आपापल्या जागी येऊन बसते. लोखंड आतच होते, आणि रंग बाहेरच होते. फरक इतकाच की यंत्राची जोडणी आता तिला दुसऱ्या कारागिरांकडून करवून घ्यावी लागली.